सगळ्या मावशीलाच विचारायच्या

बायकांच्या आरोग्याचं केंद्र मी कसं उभं केलं हे सांगायला मला हल्ली बोलावतात. लातूरच्या दोन कॉलेजांत बोलून झालंय, नांदेडला तर महिला दिनाचं दरवर्षी ठरलेलंच. भाषण आता पाठ झालंय. पंधरा मिनिटांत संपतं, शेवटी टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ घेऊन मी घरी येते. त्या भाषणात एक बाई नसते. कलावती तिचं नाव. केंद्रात सगळ्या तिला कलामावशी म्हणायच्या. ती भाषणात का नसते ते इथं लिहिते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'मोकळेपणानं लिहा' म्हणून सांगितलंय. त्यांच्या मनात बहुधा दुसरं काही असेल.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर रेणापूर तालुक्यातलं, घर शेतकऱ्याचं. गावात अजून कित्येकांना वाटतं की पोरगी साडेचार वर्षं मालिश शिकायला बाहेर होती. लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी सोळा वर्षं नोकरी केली. गुडघे वाकवले, आखडलेले खांदे सोडवले. कंबरदुखीच्या बायका रोज दहा-बारा तरी यायच्या. शेक देताना मी पडदा ओढला की त्यातली एखादी हळूच म्हणायची, "म्याडम, अजून एक तरास हाय. पर ते सांगण्यासारखं न्हाई."

सांगण्यासारखं नसलेलं ते काय, हे आधी सांगून टाकते. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी हे सगळं त्या झोळीवर तोललेलं असतं. बाळंतपणात झोळी ताणली जाते. पुढं आराम मिळाला, व्यायाम झाला, की बरीचशी सावरते. पण आमच्याकडं सव्वा महिना सरायच्या आत बाई घागरी उचलते, सोयाबीनच्या राशीवर जाते. झोळी सैल ती सैलच राहते. मग खोकलं, शिंकलं, खळखळून हसलं की लघवी सुटते. काहींची गर्भपिशवी खाली सरकते, अंग बाहेर येतं. अशी बाई बसचा प्रवास सोडते, लग्नाकार्याला जाणं सोडते, गडद रंगाच्या साड्या नेसते आणि कुणी विचारलं तर कंबर दुखते म्हणते. माझ्याकडं एक मुख्याध्यापिका यायच्या. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांनी नऊ वर्षं घोषणा दिली नव्हती. नुसते ओठ हलवायच्या.

यातल्या पुष्कळजणी तीन-चार महिन्यांच्या व्यायामानं बऱ्या होतात. काहींना आतून आधाराची रिंग बसवावी लागते, थोड्यांना ऑपरेशन. पण आमच्या भागात बाईनं खालच्या अंगाची कुठलीही तक्रार काढली की घरचे आणि दारचे एकच सुचवतात, पिशवी काढून टाक. तीस वर्षांच्या आतबाहेरच्या, पिशवी काढलेल्या किती बायका मी त्या पडद्याआड पाहिल्या, ते आठवत बसत नाही.

म्हणून मी हैदराबादला जाऊन या कामाचं वेगळं शिक्षण घेतलं, नोकरी सोडली आणि लातुरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दारावर मोठ्या हौसेनं 'स्त्री-आरोग्य केंद्र' अशी पाटी लावली. दोन महिने कुणी आलं नाही. समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका पाटी वाचायच्या आणि मान वळवायच्या. तिसऱ्या महिन्यात मी पाटी उतरवली आणि 'महिला कंबर-मणका व्यायाम केंद्र' अशी नवीन लावली. त्याच आठवड्यात पाच जणी आल्या. याला स्टार्टअप म्हणतात हे मला पुष्कळ पुढं, नांदेडच्या एका कार्यक्रमात कळलं. तोवर मी केंद्र म्हणत होते आणि माझे यजमान 'तुझ्या त्या खोल्या' म्हणायचे.

कलामावशी आली ती एका बाळंतिणीला घेऊन. मूळची उदगीरची, विधवा, लातूरला लेकीकडं राहायची आणि घरोघर बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायची. साठीला टेकलेली, काटक, कपाळावर गोंदण. बाळंतिणीची मी तपासणी करत होते, तेव्हा ती भिंतीला टेकून बारीक नजरेनं बघत होती. जाताना म्हणाली, "हे काम लई चांगलं करायलाव, म्याडम. पर तुमी जे बोललाव ते तिला कायबी कळालं न्हाई."

मला हसू आलं. मी तिला ठेवून घेतली. शेक द्यायचा, तेल लावायचं आणि तिच्या ओळखीच्या बायकांना केंद्राची वाट दाखवायची, एवढंच काम. हेवा वगैरे तेव्हा मनात नव्हता. शेक देणाऱ्या बाईचा कोण हेवा करतं?

व्यायामाचं पहिलं पाऊल म्हणजे तो स्नायू बाईला सापडायला हवा. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. मी चित्र दाखवायचे. "ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत ओढून धरा" म्हणायचे. बाया पोट आत घ्यायच्या, श्वास धरायच्या, दात आवळायच्या. एक दिवस मी फोनवर होते आणि आतून मावशीचा आवाज आला. "हे बघ अक्का, यष्टीत बसलीस. लघवी लागली जोरात. डायवर गाडी थांबवंना. मग कशी धरून बसतीस? तसं धर. पोट ढिलं सोड, तोंड ढिलं सोड. आता धा मोज." आत चौघीजणी होत्या. हसण्याचा लोट आला आणि मग एकदम सगळं शांत, सगळ्या मोजत होत्या. मी आत जाऊन बघितलं. चौघींचंही बरोबर होतं.

त्या क्षणी मला आनंद झाला, असं मी भाषणात सांगू शकले असते. पण खरं तर मला ते झोंबलं. साडेचार वर्षं आणि वर हैदराबादचे सहा महिने घालवून मला जे वाक्य सुचलं नव्हतं, ते या बाईनं तेलाचे हात पुसता पुसता सांगितलं होतं.

पुढं हे रोजचंच झालं. रेणापूरकडची एक सासू सुनेवर पहारा द्यायला यायची. सून काही बोलायला लागली की ही आधी उत्तर द्यायची. मी दोन वेळा तिला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं, ती हलली नाही. तिसऱ्या खेपेला मावशीनं तिच्या शेजारी बसकण मारली आणि विचारलं, "अक्का, तुमचं स्वतःचं कवापसून हाय?" सासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "धाकट्याच्या वक्तापसून." धाकटा म्हणजे त्या सुनेचा नवरा. सून तिच्याकडं बघत राहिली. पुढचे तीन महिने दोघी एकाच रिक्षातून यायच्या आणि शेजारी-शेजारी झोपून मोजायच्या. बऱ्या झाल्यावर सासूनं पाटीभर कुरडया आणल्या. माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मावशीला द्या."

मी दिल्या. सगळ्या दिल्या.

बायका दारातून आत येतानाच विचारायच्या, "मावशी हैत का?" नसली तर "उद्या येते" म्हणून परत फिरायच्या. मी तिथंच असायचे, पांढऱ्या कोटात, भिंतीवरच्या माझ्या तीन प्रमाणपत्रांखाली. मग मी बारीकसारीक उद्योग सुरू केले. मावशीनं व्यायामाविषयी बोलायचं नाही असा नियम काढला. ती पेशंटसमोर चुकीचा शब्द बोलली की मी तो दुरुस्त करायचे. तिच्या येण्याच्या वेळा बदलल्या, म्हणजे नव्या बायकांना आधी मीच दिसेन. मावशी म्हणायची, "बरं म्याडम," आणि शेक द्यायला लागायची. बायका मात्र शेक घेता घेता कुजबुजत तिलाच सगळं विचारायच्या आणि तीही कुजबुजत उत्तर द्यायची. ती कुजबूज बाहेर ऐकू आली की माझं कशात लक्ष लागत नसे. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही दोघी माझ्या गाडीनं नांदेडला जायचो. तिथं मी दुसरं केंद्र काढलं होतं. अहमदपूर यायच्या आत मावशीला गाढ झोप लागायची. मला तिच्या झोपेचाही राग यायचा.

नांदेडच्या केंद्रात रेणुका यायची. नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, एकोणतीस वर्षांची, तीन लेकरांची आई. घरी चार एकर रान, नवरा जिनिंग मिलमध्ये कामाला. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिचं अंग थोडं खाली आलं होतं. अगदी पहिली पायरी. दोन महिन्यांच्या व्यायामानं फरक पडत होता, माझ्या कागदांत तशी नोंद आहे. घरात तिच्यामागं पिशवी काढायचा लकडा लागला होता, हे मात्र कागदांत नव्हतं. ते तिनं फक्त मावशीला सांगितलं होतं. मावशीनं तिला बजावलं होतं, "मला विचारल्याबिगर तारीख धरू नकू."

त्याच दिवसांत एका संस्थेची माणसं आमचं काम बघायला येणार होती. पसंत पडलं तर आणखी तीन तालुक्यांत केंद्रं काढायला ते मदत करणार होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, "त्या मावशींबद्दल खूप ऐकलंय. त्यांच्याशी बोलायचंय, थोडं शूटिंगही करायचंय." मी हो म्हणाले. फोन ठेवला. खोल्या मी भाड्यानं घेतलेल्या, पाटी मी बदललेली, आणि कॅमेऱ्यापुढं तेलाच्या हातांची कलावती बसणार होती.

पाहुणे शुक्रवारी नांदेडच्या केंद्रात येणार होते. गुरुवारी मी मावशीला म्हणाले, "उदगीरहून फोन होता. स्टेशनजवळ एक बाळंतीण आहे, पाय सुजलेत म्हणे. तुम्हालाच बोलावलंय. उद्या जाऊन या."

"कुणाच्या घरची?"

"नाव नीट ऐकू आलं नाही. स्टेशनजवळ विचारलं तर सांगतील."

तिनं मान हलवली. पाय सुजलेत म्हटल्यावर ती पुढं काही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं.

शुक्रवारी पाहुणे आले. मी चित्रं दाखवली, आकडे दाखवले. आठ-दहा बायका बोलावून बसवल्या होत्या. पाहुण्यांनी त्यांना खूप विचारलं, त्या पदर सावरत "बरं वाटतंय" एवढंच म्हणत राहिल्या. मावशी का नाहीत म्हणून विचारलं, तेव्हा मी एका अडलेल्या बाळंतिणीचं सांगितलं. पाहुण्यांना ते फार आवडलं. तेवढ्यात दारात रेणुका उभी राहिली. तिचा दिवस गुरुवारचा, पण आदल्या दिवशी ती आली नव्हती. उन्हातून आलेली, हातात कागदांनी भरलेली कॅरीबॅग.

"मावशी हैत का?" तिनं विचारलं. सगळ्या पाहुण्यांच्या देखत.

"नाहीत," मी म्हणाले. "आज येणार नाहीत."

ती तशीच उभी राहिली. "मग कवा येतील?"

"काय काम होतं? मला सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. "काई न्हाई. कंबर दुखायली."

ती खोटं बोलतेय हे मला कळत होतं. त्या वाक्याचा अर्थ माझ्याइतका मराठवाड्यात कुणाला कळणार? त्याच वाक्यावर तर मी केंद्र उभं केलं होतं. पण ते खरं धरायचं मी ठरवलं. मला सांगायचं नाही ना, मग राहू दे. "सोमवारी ये," मी म्हणाले.

"सोमवारी," ती म्हणाली आणि थांबली. मग "बरं" म्हणून निघून गेली.

सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. तालुक्याबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली. हे पुढच्या गुरुवारी कळलं. रेणुका आली नाही म्हणून मावशीनं तिच्या घरी फोन लावला आणि सासूनं सांगितलं. मावशी फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"त्या दिवशी आल्ती का ती?"

"आली होती. काही बोलली नाही."

"हातात कागदं हुती का?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "होती."

ती आपल्या हातांकडं बघत राहिली. "मी स्टेशनापसल्या चार गल्ल्या फिरले त्या दिवशी. दारं वाजवली. एकीनं पाणी दिलं. कुणाच्याच घरी बाळंतीण नव्हती. वाटलं, पत्त्यात चूक झाली असंल. परतीच्या गाडीत बसले तवा ध्यानात आलं." ती उठली. "मला नकू यायचं म्हणायचं असतं, तर नुसतं नकू म्हणायचं. मी घरी बसले असते. लातुरातच असते. तिनं फोन लावला असता, तर लागला असता. गाडीत निस्तं रेंज न्हाई, रेंज न्हाई."

लातूरला परत येईपर्यंत ती जागी होती. दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. महिन्याभरात उदगीरला स्वतःच्या घरी गेली, असं लेकीकडून कळलं. संस्थेची मदत मात्र मिळाली. निवडीच्या पत्रात माझ्या 'नेतृत्वाचा' खास उल्लेख होता. ते पत्र मी फ्रेम करून लावलं आणि चार दिवसांनी काढून कपाटात ठेवलं.

वर्षभर मी काम वाढवत गेले. नव्या मुली घेतल्या. त्या हुशार होत्या, पण बायका त्यांना कंबरच दुखते म्हणून सांगायच्या. शेवटी मी उदगीरला गेले. मनाशी ठरवलं होतं, मावशीला परत बोलवायचं. घर शोधायला काहीच कष्ट पडले नाहीत, कुणीही वाट दाखवत होतं. एकाच खोलीत सतरंजीवर सहा-सात बायका बसलेल्या. देगलूरकडची एक होती, दोघी बिदरकडच्या, त्या कानडीत बोलत होत्या. पाटी नाही, कोट नाही. मी दारात चप्पल काढली आणि मला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल, तर एवढ्या बायका हिच्याकडं, पाटीवाचून.

मावशीनं मला बघितलं आणि हातानंच बसायची खूण केली. मी नंबर येईपर्यंत बसले. सगळ्या गेल्यावर तिनं चहा केला. मी परत यायचं काढलं, तेव्हा म्हणाली, "आता न्हाई. मला हितं बरं हाय. तुमच्या पोरींना पाठवा, बसू द्या माझ्याजवळ. शिकतील." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "रेणुकाला सांगितलाव का?"

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"तिला कशाला त्रास? झालं ते काही भरून येणार नाही."

"ती समजती, मावशीनं पाठ फिरवली. मी फोन केला तर घेत न्हाई. तुमच्यापायी माझ्यावर रुसली हाय ती."

मी उदगीरहून निघाले ती गाडी लातूरकडं वळवली नाही. नायगाव गाठलं आणि तिथून विचारत विचारत रेणुकाच्या गावी गेले. दुपारची वेळ होती. ती एकटीच होती, दारात तुरीची डाळ निवडत बसलेली. वर्षात चेहरा ओढला होता. कंबर आता खरोखरच दुखते म्हणाली, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. मला बसायला पाट दिला.

मी सगळं सांगितलं. मावशीला मीच खोटं सांगून उदगीरला पाठवलं होतं. तिथं कुठली बाळंतीण नव्हती. पाहुण्यांपुढं मला एकटीलाच बसायचं होतं. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते, सुपातल्या डाळीकडं बघत होते. तिचे हात थांबले नव्हते. खडे वेचून ती बाजूला टाकत होती.

"मावशी असत्या, तर काय म्हणल्या असत्या?" तिनं विचारलं.

"थांब म्हणाल्या असत्या. नको करूस म्हणाल्या असत्या. तुझं पहिल्या पायरीवर होतं, व्यायामानं फरक पडत होता. गरज नव्हती."

"हे तुमाला ठावं होतं?"

"हो. तुझी तपासणी मीच केली होती."

मी मनाची तयारी करून आले होते की ती रडेल, शिव्या देईल, नवऱ्याला हाक मारेल. मावशीचं नाव घेऊन रडली असती, तर तेही मी ऐकून घेतलं असतं.

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आवाजात राग नव्हता. खरंच न कळलेलं काही विचारावं, तसं तिनं विचारलं.

"मग ते तुमालाबी म्हणता आलं असतं की, म्याडम."